गुरुवारचा फोन

बाबांना जाऊन दीड महिना झाला तेव्हा दुकानातून निरोप आला. रविवारी चार वाजता त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं घरी येतील, घरच्यांपैकी कुणीतरी चार शब्द बोलावेत. आम्ही भावंडं चार, म्हणजे वाटणीला प्रत्येकी एक शब्द येत होता. तेवढ्यावर भागलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत वीस खुर्च्या मांडून झाल्या आणि एकेकाचे कागद निघाले. दादाचे तीन. ताईचे दोन, समास आखलेले, कारण ती शाळेत गणित शिकवते आणि समास नसलेल्या कागदावर तिचा विश्वास नाही. धाकटीने फोनवर लिहून आणलं होतं. माझे पाच. मी लिहिण्याच्या धंद्यातला माणूस आहे. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांची घडी घातलेली चिठ्ठी असते ना, ती मी लिहितो. माझं लेखन घरोघरी पोचलेलं आहे आणि आजवर ते कुणीही वाचलेलं नाही.

"मधल्याला बोलू दे," आई म्हणाली. "त्याला लिहिता येतं."

"त्याला?" दादाने खुर्ची आपटली. "हा उभा राहिला की कुणाला चक्कर येऊ शकते आणि कुणी काय खबरदारी घ्यावी, तेवढंच सांगेल. मी थोरला आहे."

"थोरला असलास म्हणून बाबांना ओळखत होतास असं नाही," ताई म्हणाली.

"आणि तू ओळखत होतीस?"

ताई उठली. ओठ घट्ट मिटून स्वयंपाकघरात गेली. आमची ताई भांडणातून उठून गेलेली मी जन्मात पाहिली नव्हती. तेव्हाच मला काहीतरी समजायला हवं होतं, पण मी माझ्या तिसऱ्या पानावरचं एक विशेषण बदलण्यात गुंतलो होतो.

बाबांबद्दल बोलायचं म्हणजे फळ्यांबद्दल बोलायचं. एकेचाळीस वर्षं त्यांनी किराणा मालाच्या एका मोठ्या दुकानात फळ्यांवर माल लावला. मालक नव्हते, व्यवस्थापक नव्हते. बढती दोनदा आली आणि दोन्हीदा 'खुर्चीत बसून काय करू' म्हणून त्यांनी ती परत पाठवली. त्यांचा नियम एकच होता: मागचं पुढे. नवा माल आला की तो मागे लावायचा आणि राहून गेलेला ओढून पुढे आणायचा, म्हणजे मागच्या मागे काही खराब होत नाही. हा नियम ते घरीही आणत. साबणाच्या वड्या, मोजे, टॉवेल, सगळं मागचं पुढे. लहानपणी फोटो काढताना मागच्या फोटोत जो पाठीमागे उभा असेल त्याला ते पुढे ओढत. आमच्या अल्बममध्ये एकाआड एक फोटोत धाकटी दिसतच नाही, दादाच्या पाठीमागून तिची फक्त एक वेणी दिसते.

स्वयंपाकघरातलं सामानाचं उंच कपाट तर त्यांचं राज्यच. त्यात हात घालायची आमची कुणाची छाती नव्हती. एकदा मी मागचा बिस्किटांचा पुडा काढला होता. बाबा ओरडले नाहीत, फक्त संध्याकाळभर कपाटासमोर उभे राहून 'असं कसं झालं' असं स्वतःशी म्हणत राहिले. त्यानंतर आम्ही आईकडेच मागायचो.

माझ्या पाच पानांत हे सगळं होतं. फार सुंदर लिहिलं होतं मी. जे नव्हतं ते असं.

गेली अकरा वर्षं, म्हणजे मी घर सोडल्यापासून, बाबा मला दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला फोन करायचे. काय जेवलास, कामाचं काय, गॅलरीतली कुंडी जगली का. पाच-सहा मिनिटं. मी हे भावंडांना कधीच सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून. बाबा आपल्यालाच का फोन करत असतील याची मला पूर्ण कल्पना होती: घरात मीच एकटा समजूतदार.

बाबा जायच्या आधीच्या गुरुवारी फोन वाजला तेव्हा मी तो हातात धरून वाजू दिला. कंटाळा आला होता, दुसरं कारण नाही. मग सोमवारी, वार नसताना, पुन्हा वाजला. मी रंगाच्या दुकानात दोन पांढऱ्या रंगांपैकी जास्त पांढरा कोणता हे ठरवत होतो.

"बाबा, आज सोमवार आहे."

"हो, सोमवारच आहे."

"तुम्ही गुरुवारी करता."

"हो, पण मागच्या गुरुवारी तू…"

"बाबा, मी रंग बघतोय. कामात आहे. गुरुवारी बोलू ना."

"बरं. जेवतोस ना वेळेवर?"

"हो हो."

"बरं. ठेवतो."

बुधवारी ते गेले. बुधवार दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीचा. कामाच्या दिवशी खाडा करणं त्यांना जमलंच नसतं. दीड महिना मी रोज त्या अर्ध्या मिनिटाला चिकटून होतो आणि आता वीस माणसांसमोर उभं राहून सांगणार होतो की त्यांना सगळ्यात जवळून मीच ओळखलं. माझ्या चिठ्ठीत अशा औषधाला मी ठळक अक्षरांत इशारा दिला असता.

स्वयंपाकघरात ताई एकच कप तिसऱ्यांदा पुसत होती. तिच्या मनात काय चाललं होतं हे तिनेच मला नंतर सांगितलं. जे सांगितलं नाही ते मी भरून काढतोय, पाच पानं लिहून आणणाऱ्याला तेवढी सवलत असावी. ताईला बाबा दर मंगळवारी फोन करत. तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं, आम्हाला वाईट वाटेल म्हणून. पण शेवटच्या मंगळवारी तिचा फोन वाजलाच नाही. त्याआधीच्या मंगळवारी ती बाबांवर चिडली होती, बाबा सारखं डोळे तपास, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणत होते आणि ती म्हणाली होती, "मी काय पहिलीतली पोर आहे?" म्हणून या वेळी बाबा रागावले, असं तिने ठरवून टाकलं. साडेसहा वाजले, सात वाजले. आपणहून फोन करावा असं तिला दोनदा वाटलं. दोन्हीदा ती म्हणाली, मी कशाला करू? हजार मुलांना बेरीज शिकवलेल्या बाईला एवढा साधा आकडा फिरवता आला नाही.

धाकटी कपबशा मोजायला आत आली. ती केशकर्तनाचं दुकान चालवते आणि दिवसभर लोकांची गुपितं ऐकते, त्यामुळे स्वतःचं एखादं असावं याची तिला हौस आहे.

"ताई, एक सांगू? कुणाला बोलू नकोस. दादाला तर नाहीच, त्याला लागेल."

"काय?"

"बाबा मला दर शुक्रवारी फोन करायचे. फक्त मला."

ताईने कप खाली ठेवला. "शुक्रवारी?"

"हो. माझ्या कुत्र्याची चौकशी करायचे."

"कुत्र्याची," ताई म्हणाली. आपल्यावर रागावलेले बाबा कुत्र्याची चौकशी करत होते, हा विचार गिळायला तिला थोडा वेळ लागला. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दुकानातली माणसं चाराला पाच मिनिटं कमी असताना आली, कारण बाबांच्या हाताखाली तयार झालेला माणूस वेळेवर येत नाही, आधी येतो. सगळ्यात पुढे गल्ल्यावरच्या बाई होत्या. तीस वर्षं त्या बाबांच्या फळ्यांसमोर गल्ल्यावर बसल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, एक तिरकी खुर्ची सरळ केली, आणि मग बसल्या.

दादाने उठून घसा साफ केला. दादा गाडी चालवायला शिकवतो. वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याचा ब्रेक दाबायची त्याला सवय. त्यामुळे मी उठायच्या आत तो उभा होता.

"बाबांविषयी मी बोलतो," तो म्हणाला, "कारण खरं सांगायचं तर बाबा मनातलं फक्त माझ्याशी बोलत. आजवर मी कुणाला सांगितलं नाही, माझ्या भावंडांना वाईट वाटेल म्हणून. पण दर सोमवारी संध्याकाळी साडेसहाला बाबा मला फोन करायचे."

माझ्या हातातली पाच पानं एकदम जड झाली.

"सोमवारी?" ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"दर सोमवारी. शेवटी शेवटी मात्र बिचाऱ्यांच्या वार लक्षात राहत नव्हते. शेवटच्या आठवड्यात मला चक्क मंगळवारी फोन आला. मी म्हटलं, बाबा, म्हातारे झालात."

"मंगळवारी तुला फोन आला?" ताईचा आवाज चढला. "मंगळवार माझा होता!"

"तुझा म्हणजे?"

"माझा वार! अकरा वर्षं माझा वार! मी फोनपाशी बसून होते आणि ते तुझ्याशी बोलत होते?"

"शुक्रवार माझा आहे," धाकटी घाईघाईने म्हणाली, जणू आता तोही कुणीतरी पळवेल.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. "गुरुवार," मी म्हणालो.

पाहुण्यांसमोर शोभेल असं काही त्यानंतर पाच मिनिटं आमच्याकडून घडलं नाही. दादा म्हणाला, थोरल्याला आधी फोन जाणारच. ताई म्हणाली, थोरला काय थोरला, तुला त्यांचा बुटाचा नंबर तरी माहीत आहे का? दादाला नव्हता. तिलाही नव्हता. धाकटी म्हणाली, निदान तिच्या कुत्र्याला बाबा आवडायचे. धाकटी दादाच्या बाजूला गेली, ताई धाकटीवर उलटली, आणि मी नेहमीप्रमाणे कुणाच्याच बाजूचा नसल्यामुळे सगळ्यांनी मला गप्प बसायला सांगितलं. मी बोलतही नव्हतो. चोराच्या मनात चांदणं. मला एकच भीती होती की कुणीतरी विचारेल, तुझा शेवटचा फोन कधीचा?

"झालं?" आई म्हणाली.

आई फार मोठ्याने बोलत नाही. पण आम्ही चौघं पन्नाशीच्या आसपास असूनही खाली बसलो.

"फोन यायचे, फोन यायचे म्हणून सांगताय. अकरा वर्षांत तुमच्यापैकी एकाने तरी आपणहून केला का?"

पाहुण्यांपैकी एकजण उगाच छताकडे बघायला लागला.

"आणि वार विसरायला त्यांना काही झालं नव्हतं," आई म्हणाली. "धाकटे, सामानाचं कपाट उघड. दार पूर्ण उघड आणि आतल्या बाजूने बघ."

आम्ही चौघंही उठलो. गल्ल्यावरच्या बाई विचारल्याशिवायच मागून आल्या.

दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला होता. बाजूला दोरीला बांधलेली पेन्सिल. पट्टीने आखलेले रकाने: वार, कोण, बोललो, शेरा. आठवड्याला एक पान, जुनी पानं खाली खिळ्याला अडकवलेली, आणि ती एवढी जाड की दार नीट मिटत कसं होतं कोण जाणे.

"अगं बाई," गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या. "हा तर आमच्या गोदामाच्या दारावरचा तक्ता. रोज सकाळी तुमचे बाबा, आमचे भाऊ, फळ्या तपासायचे, ठीक असलं की बरोबरची खूण. एखादी फळी राहिली तर दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात, बाकीच्या एकेक घर मागे. किती लोकांनी सांगितलं, आता यंत्रावर करतात हे. ऐकतील तर ना."

दादाने चष्मा कपाळावर चढवला आणि खालचं एक जुनं पान वाचायला लागला. "सोमवार. दादा. गुडघा. बायकोचं ऐक म्हणून सांगणे." त्यापुढे वेगळ्या दिवशी लिहिलेलं: "सांगितलं. ऐकणार नाही." दादा हसला. मग त्याने लंगडतच एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसला.

धाकटीच्या रकान्यात: "शुक्रवार. कुत्र्याची चौकशी. म्हणजे बाकीचं आपोआप सांगते." तिने ते दोनदा वाचलं. "म्हणजे त्यांना कुत्रा आवडत नव्हता?" तिने विचारलं. "ते घाबरायचे कुत्र्याला," आई म्हणाली.

मी शेवटचं पान बघत नव्हतो. ताईने बघितलं. तिने प्रथम आधीच्या आठवड्याच्या पानावर बोट ठेवलं आणि वर्गात वाचतात तशा स्पष्ट आवाजात वाचलं: "गुरुवार. मधला. उचलला नाही." मग शेवटचं पान. "सोमवार, मधला. मंगळवार, दादा." तिचं बोट खाली सरकलं. "गुरुवार, ताई. रागावली आहे. नवा चष्मा लागला का, विचारणे."

त्यापुढचा रकाना रिकामा होता.

ताई बराच वेळ तिथे बोट ठेवून उभी राहिली. "ते रागावले नव्हते," ती म्हणाली. "मला फक्त मागे सरकवलं होतं. गुरुवारी करणार होते." मग ती माझ्याकडे वळली. गणिताच्या बाईंना उत्तर सापडलं होतं. "तू उचलला नाहीस. म्हणून तुला पुढे घेतलं. माझा मंगळवार तुझ्यापायी गेला."

"हो," मी म्हणालो.

"का नाही उचललास?"

खोटं बोलायला चांगली संधी होती. मीटिंग, आजारपण, काहीही. अशा मजकुराचा मला पगार मिळतो. "कंटाळा आला होता," मी म्हणालो. "आणि सोमवारी त्यांनी केला तेव्हा मी सांगितलं, आज तुमचा वार नाही. अर्ध्या मिनिटात ठेवायला लावला. दोन पांढरे रंग बघत होतो."

दादानेसुद्धा ब्रेक दाबला नाही. त्या क्षणी मला कुणीतरी सणसणीत शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ताईने तक्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझी मान धरून मला दारापाशी ओढलं. लहानपणी फोटो काढताना बाबा ओढायचे तसं.

"वाच. तुझा सोमवार."

मी वाचलं. बाबांचं अक्षर, डब्यांवर तारखा घालायचे तसं ठसठशीत.

"मधला. बोलला. रंग बघतोय. घाईत. आवाज चांगला."

आणि त्यापुढे बरोबरची खूण. पूर्ण, ठाम, शेवटी जरा वर गेलेली.

दीड महिना मी समजत होतो की तो फोन अर्धवट राहिला. बाबांनी तो पूर्ण झाला म्हणून लिहून ठेवला होता. त्यांना माझ्याकडून एवढंच हवं होतं, आणि मी एवढंही कुरकुरत दिलं होतं. मला रडू फुटलं. अगदी वाईट, नाक वाहणारं रडणं. वीस माणसं बाहेर खुर्च्यांवर, आणि मी पन्नाशीला टेकलेला माणूस डाळींच्या डब्यांसमोर हुंदके देतोय.

"नीट बघून ठेवा ती खूण," गल्ल्यावरच्या बाई मला म्हणाल्या. "एक डबा वाकडा असला तरी भाऊ करायचे नाहीत. मला तीस वर्षांत दोनदा मिळाली."

चहा झाल्यावर बोललो मीच. कुणी हरकत घेतली नाही; दादाने तर माझी पाच पानं काढून घेतली आणि स्वतःच्या तीन पानांबरोबर घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल हलायचं थांबलं. माझ्या लेखनाचा इतका उपयोग याआधी कधी झाला नव्हता. मी तक्त्याबद्दल सांगितलं, न उचललेल्या फोनबद्दल सांगितलं, सोमवारबद्दलही. लोक हसले, काहींनी डोळे पुसले, आणि दुकानात तराजू सांभाळणारे एक गृहस्थ शेवटी म्हणाले, छान बोललात, पण मागे ऐकू आलं नाही, मागच्यांना पुढे घ्यायला हवं होतं.

निघताना ताई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. चप्पल घालताना फक्त म्हणाली, "माझ्यापुढे खूण नाही." मी म्हणालो, "माहीत आहे." दुसरं काय म्हणणार?

सोमवारी साडेसहाला आम्ही चौघांनी एकाच वेळी आईला फोन लावला आणि चौघांनाही तो लागला नाही. आई म्हणाली, तुमच्यापेक्षा डबे शहाणे, रांगेत तरी उभे राहतात. तिने स्वतःच वार ठरवून दिले. मला बुधवार मिळाला. सुट्टीचा दिवस, माझ्या लायकीप्रमाणे.

गुरुवारी मी घरी होतो. भिंती अजून जुन्याच रंगाच्या. साडेसहाला पाच मिनिटं होती, तेव्हापासून फोन हातात धरून बसलो होतो, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की ही पाच मिनिटं किती लांब असतात. मग ताईचा नंबर लावला.

तिने पहिल्याच घंटीला उचलला. "आज गुरुवार आहे," ती म्हणाली.

"हो, गुरुवारच आहे. नवा चष्मा लागला का?"

पलीकडे काहीच ऐकू येईना. फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितला. नव्हता झाला.

"लागला," ताई म्हणाली, आणि तिने नाक ओढलं. "नंबर वाढलाच होता. बरोबर सांगत होते ते. पण हा चष्मेवाला आहे ना, अगदी मूर्ख माणूस आहे, तुला सांगते काय झालं…"

ती चाळीस मिनिटं चष्मेवाल्याबद्दल बोलली. मी मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही असं लिहिणार होतो. एकदा बघितलं. पण फोन ठेवला नाही.